डाव्या बाकाचं वजन

१२ एप्रिल

दादा,

बोट डावीकडे कलली आहे. ख्यालीखुशाली, आईची पाठ, माझी नोकरी, सगळं खाली येईलच. पण आधी हे, कारण आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू ‘हं’ म्हणतोस. आईशी मोकळेपणानं बोलतोस आणि फोन माझ्याकडे आला की ‘हं, हं, बरं, ठेवतो.’ आता ‘हं’ला पुढचा प्रश्न कसा विचारायचा? पत्रात निदान मला माझं सगळं विचारून तरी घेता येतं.

तर बातमी अशी की बाबांनी बोट विकायला काढली. जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं. मी विचारलं, ‘का?’ बाबा म्हणाले, ‘उघडली चौकशीची खिडकी.’ मी स्टँडवर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसायला लागल्यापासून त्यांना हे आयतंच सापडलं आहे. कारण आईनं सांगितलं. गुडघे. धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना हल्ली त्यांना आईचा हात धरावा लागतो आणि आई म्हणते, ‘सवतीकडे जातानाही हात मीच द्यायचा का?’ तुझ्या वेळी ती बोटीला सवत म्हणायची ते चिडून. आता लाडानं म्हणते.

मागच्या रविवारी आम्ही तिघांनी बोट रिकामी केली. किती सामान निघालं म्हणून सांगू! उजवीकडच्या ओट्यावरची भांडी, स्टोव्ह, पाण्याचे कॅन, बाबांची हत्यारांची पेटी, ती पेटी तर दोघांनी धरून काढली. पत्त्यांचा जोड, त्यात बदाम राणी नाही. एक एकटीच चप्पल, कुणाच्याच पायाची नाही. मी कामावर रोज लोकांच्या पिशव्या उघडते, कुणाची काय असेल ते ओळखते. पण आपल्याच घरच्या वस्तू ओळखू येईनात तेव्हा जरा गंमतच वाटली आणि मग वाईट वाटलं. आई भांडी पुसून पुसून पोत्यात भरत होती. प्रत्येक सुट्टीत ‘हे शेवटचं, पुन्हा येणार नाही’ म्हणणारी बाई, तिनं एक झारा अर्धा तास पुसला.

मग बोट घेणारे आले. दातांचे डॉक्टर आहेत, बायकोला घेऊन आले होते. स्वभावानं भला माणूस, पण सवय जात नाही. बोटीच्या अंगावर बोटाच्या पेरानं टकटक करत सगळीकडून फिरले, आता बोटीला ‘आ करा’ म्हणतात की काय असं मला वाटलं. शेवटी मागे बाकावर बसले आणि केबिनच्या दाराशेजारी बघून म्हणाले, ‘ही एका बाजूला जड आहे का?’

ते पाणसळीकडे बघत होते. आपली पितळी पाणसळ, तुझ्या बाकाच्या वर स्क्रूनं बसवलेली, तिथेच आहे अजून. आत तोच हिरवा बुडबुडा. तो मधोमध असायला हवा होता, कारण बोटीत काहीच उरलं नव्हतं. तर तो गेला होता पार उजव्या टोकाला. म्हणजे उजवी बाजू वर, डावी खाली.

डॉक्टर नम्रपणे म्हणाले, ‘कुठे पाणी तर शिरत नाही ना? तेवढं कळलं की मग ठरवू.’

आणि बाबा काय म्हणाले ऐक. म्हणाले, ‘वय झालं तिचं. थोडं तिरकं चालतं.’

दादा, हे आपले बाबा बोलले. गिऱ्हाईक ‘राहू दे’ म्हणत असताना सुताभर तिरकी खिडकी उतरवून पुन्हा बसवणारे. नांगर टाकल्यावर बुडबुडा मधोमध येईपर्यंत ज्यांनी आपल्याला चहाला हात लावू दिला नाही. ‘तू जरा डावीकडे, तू पाय आत घे, हं, आता ओता.’ चहा गार व्हायचा पण पेल्यात सरळ असायचा. त्या माणसाला थोडं तिरकं चालतं?

मला पाण्याचा संशय नाही. मला बाबांचा संशय आहे.

तुझी,
चौकशी

२३ एप्रिल

दादा,

आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. तुझं वजन किती आहे?

हसू नकोस. खरं वजन कळव, चपला काढून. का विचारते ते खाली येतं आहे, पण वजन मात्र नक्की कळव.

मी सुट्टी टाकून बोटीवर गेले. बाबांना सांगितलं नाही, आईला सांगितलं, आई म्हणाली, ‘जा, पण मी सांगितलं म्हणू नकोस.’ तिनं काहीच सांगितलेलं नव्हतं! खिडकीत बसून मी एवढं शिकले आहे की न विचारता कुणी खुलासा केला की त्या माणसाची पिशवी आधी उघडावी. पण आईची पिशवी उघडणं सोपं नाही, म्हणून बोटच उघडली.

तळाच्या फळ्या उचलल्या. खाली कोरडं ठाक. पाण्याची टाकी रिकामी. नांगराची साखळी पुढे मधोमध, तिचा काही दोष नाही. मग मी केबिनच्या दारात नुसती बसून राहिले आणि इकडेतिकडे बघत बसले. बाबांनी आतलं लाकूडकाम काय केलं आहे रे. लहानपणी कधी बघितलंच नाही. कोपरे असे जोडलेत की नख जाणार नाही. सगळीकडचे पितळी स्क्रू काळे पडलेत, वर्षानुवर्षांचे. आणि तुझ्या बाकाखालचे? चकचकीत. चौघांच्याही डोक्यावर पेचकसाच्या ताज्या खुणा.

उघडलं. आत पिशव्या होत्या. जुन्या शिडाच्या कापडाच्या, तोंडं शिवलेल्या, उशीपेक्षा लहान. एक उचलायला गेले तर मनगट मुरगळायची वेळ आली. शिवण उसवून बघितली. आत गोटे. साधे, समुद्रकाठचे गुळगुळीत गोटे, धुऊन भरलेले. आणि पिशव्या कशा ठेवल्या होत्या सांगू? बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, माणूस झोपतो तशा. एका टोकाला छोटी, मग रुंद, आणि मधल्या भागात दोन थर.

मी ते बघत किती वेळ बसले कुणास ठाऊक. फळ्या परत बसवायचं काम तर होतंच, पण मुख्य म्हणजे मला रडू यायला लागलं होतं आणि काय आहे ते नीट कळायच्या आत रडणं मला पटत नाही.

घरी येऊन आईला विचारलं. पिशव्यांची शिवण तिच्या मशीनची, दुहेरी टीप तिच्याशिवाय कोण घालतं? म्हणाली, ‘मला काय माहीत? म्हणाले पिशव्या शिवून दे, दिल्या.’ मी म्हटलं, ‘सगळ्या एकदम?’ तर म्हणाली, ‘नाही गं. पहिल्यांदा पुष्कळ. मग दर वर्षा-दोन वर्षांनी एखादी.’ आणि भाजी चिरायला लागली. भाजी झालेली होती, दादा. ती चिरलेलीच पुन्हा चिरत होती.

मग बाबांकडे गेले, दुकानात. एका दाराला रंधा मारत होते. हात अजून सरळ चालतो, पण खाली वाकायचं झालं की स्टूल घेतात. मी म्हटलं, ‘बाबा, डाव्या बाकाखाली दगड कशाला?’

रंधा थांबला नाही. ‘बोट उजवीकडे कलत होती.’

‘कधीपासून?’

‘झाली वर्षं.’

‘का कलत होती?’

‘उजवीकडे ओटा, पेटी, पाणी. डावीकडे काही नाही. वजन हवं ना?’

‘डावीकडे दादा झोपायचा.’

‘तेच म्हणतोय मी,’ बाबा म्हणाले, जसं काही तेच म्हणत होते.

मग मी विचारलं, पिशव्या वाढत का गेल्या? यावर त्यांनी रंधा खाली ठेवला, त्यातला भुसा फुंकला, आणि मला मूर्खात काढल्यासारखं म्हणाले, ‘माणूस तिशीनंतर भरतो.’

मधले दोन थर आता कळले ना? बाबांच्या मते तुझं पोट सुटलं आहे.

त्या दिवसाचं मी कधी बोलले नाही तुझ्याशी, आताही फार बोलत नाही. मी तिथेच होते, उजव्या बाकावर. तू म्हणालास दुकानात बसणार नाही, लिफ्टची कामं शिकायला बाहेर जाणार. बाबा म्हणाले, ‘मग माझ्या बोटीत कशाला बसलास? उतर.’ त्यांना वाटलं तू गप्प बसशील. तुला वाटलं ते थांबवतील. दोघेही एकाच लाकडाचे. बोट डिझेल भरायला धक्क्याला लागली आणि तू खरंच पिशवी घेऊन उतरलास. पुढचा चहा झाला तेव्हा बाबा पाणसळीकडे बघत राहिले आणि कुणाला सरकायला सांगावं ते त्यांना कळेना, कारण तिघांनी कसंही बसलं तरी जमत नव्हतं. शेवटी आईनं तशीच किटली कलती केली. हे तुला माहीत नसणार, म्हणून लिहिलं.

तू लिफ्टवाला. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला लोखंडाचं वजन, हे तुला मी काय सांगणार?

वजन कळव.

चौकशी

६ मे

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पुढे कुठल्याशा पुलाचं चित्र, मागे आकडा, आणि खाली ‘कशाला हवंय?’ म्हणजे माझं पत्र तू पूर्ण वाचलंस आणि तरी विचारतोस. शाब्बास. आपल्या घरात सरळ फक्त लाकूड.

कार्ड मी बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी आधी पूल बघितला, मग उलटवलं, चष्मा घातला, कार्ड लांब धरलं, जवळ धरलं.

‘एवढाच?’ म्हणाले.

मग आईकडे वळून, जरा रागानंच, ‘जेवतो की नाही हा?’

आई म्हणाली, ‘मला काय विचारता? फोन आहे घरात.’

फोनला त्यांनी हात लावला नाही, उगाच आशा नको लावूस. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून धक्क्यावर गेले. मी मागून गेले, अर्थातच. मधल्या थरातल्या पिशव्या त्यांनी एकेक करून बाहेर काढल्या आणि धक्क्यावर ओळीनं ठेवल्या. मी म्हटलं, ‘बाबा, बोट तर विकायची आहे. सगळ्याच काढायच्या आहेत. मग हे कशाला?’

‘चूक होती ती काढली,’ म्हणाले. ‘बाकीच्यांचं नंतर बघू.’

मला विचारायचं होतं की नंतर म्हणजे कधी. नाही विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा असेल, नोंद घे.

डॉक्टरांना मी खरं सांगितलं. पाणी शिरत नाही, आमचा भाऊ आहे. त्यांच्या बायकोला लगेच कळलं, त्यांना तिनं गाडीत समजावलं असावं. बोट घेताहेत. अठरा तारखेच्या सोमवारी ताबा. रिकामी हवी, दगडांसकट रिकामी, ते रास्तच आहे. आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही तिघं शेवटचं जाऊन येणार. लांब नाही. दीपस्तंभाच्या पलीकडे जिथे नांगर टाकायचो तिथपर्यंत, चहा, आणि परत. पिशव्या बाबा शनिवारीच काढणार आहेत. मी विचारलं, ‘मग बोट उजवीकडे कलेल ना?’ बाबा म्हणाले, ‘कलेल.’

एवढंच. ‘कलेल.’ पण ज्या आवाजात म्हणाले तो मला आवडला नाही.

आता स्पष्ट लिहिते, कारण आडून लिहिण्यानं आपल्याकडे आजवर काही झालेलं नाही. तू ये. बाबा तुला बोलावणार नाहीत. जीभ रेटणार नाही त्यांची. तूही म्हणशील, ज्यांनी उतरवलं त्यांनी बोलवावं. बरोबर आहे तुझं. फक्त एक विचार कर. तुला उतरवलं ते त्या बोटीतून. सोमवारनंतर ती बोट आपली नाही. मग परत चढायचं म्हटलं तरी कशात चढणार?

आई तुला म्हणून काही लिहायला सांगत होती, मग म्हणाली राहू दे. मी विचारलं काय ते, नाही सांगितलं. आल्यावर तूच विचार.

चौकशी

२१ मे

दादा,

तू स्टँडवर आईला जे बोललास ते मी ऐकलं. ऐकायला नव्हतं पाहिजे, पण स्टँड माझाच आहे आणि खांबामागे उभं राहिलं की सगळं ऐकू येतं. तू म्हणालास, ‘दिवसभर पाणसळ बघत होते. माझ्याकडे एकदा मान वळवली नाही. त्यांना मी नको होतो, वजन हवं होतं. आता पुन्हा नको बोलावूस.’ आणि बसमध्ये चढलास. आई बसच्या मागे हात हलवत राहिली. मला तर तिथे असण्याचाच अधिकार नव्हता. म्हणून पत्र.

मलाही आधी तसंच वाटलं होतं. तू धक्क्यावर आलास तेव्हा बाबा म्हणाले, ‘पाय जपून, फळी ओली आहे.’ इतक्या वर्षांनी पोटचा मुलगा समोर, आणि फळी ओली आहे! मला हसावं की धक्का मारून एकाला पाण्यात ढकलावं कळेना. मग तू न विचारता तुझ्या बाकावर बसलास, केबिनला पाठ टेकून, पाणसळ तुझ्या उजव्या कानाच्या वर. आई आणि मी उजव्या बाकावर. बाबा समोर, सुकाण्याशी. तुझ्याकडे बघितलं तरी पाणसळ दिसणार, पाणसळ बघितली तरी तू दिसणार. खरं ना? मग ते नक्की काय बघत होते, हे कसं ठरवायचं?

तू ठरवूनही टाकलंस. मी आधी तपासलं.

जाताना वारा होता, शीड भरलेलं होतं, बोट कललेली, तेव्हाचं काही धरता येणार नाही. दीपस्तंभापलीकडे नांगर टाकला, शीड उतरवलं, पाणी कसं स्तब्ध होतं आठव. आईनं किटली काढली. आपण सगळे जागेवर. आणि बाबा तिकडे एकटक बघायला लागले. तुला वाटलं नेहमीचंच. तू मान वळवलीस की ते म्हणायचे, ‘तू नको हलूस, पाणसळ बघतोय.’ तीनदा म्हणाले. मग म्हणाले, ‘बरोबर आहे. ओता.’

दादा, बरोबर नव्हतं.

मी समोर बसले होते, मला स्वच्छ दिसत होतं. बुडबुडा मधोमध नव्हताच. आई आणि मी मिळून तुझ्यापेक्षा भारी; बाबांनी दगडही काढलेले; तू तर काडी. बोट उजवीकडे कलली होती आणि बुडबुडा पार तुझ्या बाजूला जाऊन बसला होता, शेवटच्या रेघेच्याही पलीकडे. तेवढ्यावर बाबांनी पूर्वी आपल्या तिघांनाही तीन वेळा उठवून बसवलं असतं. रविवारी त्यांनी मला सरक म्हटलं नाही, आईला पाय आत घे म्हटलं नाही. माझ्या पेल्यातला चहा बशीत सांडला आणि त्यांना दिसला नाही.

ज्या माणसाला दुसऱ्याच्या घराच्या दारातली सुताभर चूक रस्त्यावरून दिसते, त्याला हातभरावरचा बुडबुडा दिसू नये? याचा अर्थ एकच निघतो आणि तो मी चारही बाजूंनी ठोकून बघितला आहे, दातांच्या डॉक्टरांसारखा. ते पाणसळीकडे बघत नव्हतेच. पूर्ण दिवसात एकदाही नाही. तू पकडशील म्हणून पाणसळीचं नाव सांगत होते.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं. ‘बाबा, आज बुडबुडा कुठे होता?’

त्यांनी गुडघ्याचा पट्टा सोडला. मग म्हणाले, ‘कानाजवळ केस पांढरे झालेत त्याचे.’

सोमवारी बोट गेली. डॉक्टरांनी स्वतः शीड चढवलं, त्यांच्या बायकोनं दोरी सोडली. आई म्हणाली, ‘गेली एकदाची,’ आणि पदरानं नाक पुसलं. बाबा धक्क्यावर उभे राहिले, बोट दीपस्तंभाला वळेपर्यंत, आणि गुडघे दुखतात म्हणून परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, गुडघ्यांसाठी लागतो त्यापेक्षा जास्त जोरात. दगडांचं विचारशील, तर ते आईनं परस्पर कुंड्यांत घालून टाकले. म्हणाली, ‘तो येऊन गेला ना, आता यांचं काय काम?’

पाणसळ मात्र बोटीबरोबर गेली नाही. डॉक्टरांनी केबिनच्या दाराशेजारची चार भोकं बघून विचारलं, तर बाबा म्हणाले, ‘ती कुणाची तरी आहे.’ काल रात्री जेवणानंतर त्यांनी ती पितळ घासून चकचकीत केली, शिडाच्या कापडात गुंडाळली, वर सुतळी बांधली, आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, ‘लिफ्ट बसवताना लागत असेल त्याला. पत्ता दे, पोस्टात टाकतो.’

मी पत्ता दिला नाही. पुडकं सरळ कामावर आणलं, चिठ्ठी लावली आणि खिडकीमागच्या मांडणीवर छत्र्यांच्या शेजारी ठेवलं. बाबांना आमचा नियम सांगितला, तो तुलाही सांगते. आमच्याकडे राहिलेली वस्तू आम्ही पोस्टानं पाठवत नाही. ज्याची त्यानं खिडकीवर यावं, ओळख पटवावी आणि आपल्या हातानं न्यावी.

बाबांनी विचारलं, ‘किती दिवस ठेवता?’

मी म्हटलं, ‘तुम्ही दगड ठेवलेत तितके.’

चौकशी